पनवेल ते मोपा अर्ध्या तासात?

सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळापासून गोंदियाच्या बिरसी विमानतळापर्यंतचं हवाई अंतर सुमारे 940 किलोमीटर. इंटरनेटवर ही दोन नावं टाकली की अंतराशेजारी पावणेदोन तासांच्या आसपासचा उड्डाणाचा वेळही झळकतो. वेळ दिलाय म्हणजे विमान असणारच, असं अनेकजण धरून चालतात. थेट विमान नाही. संगणकाने अक्षांश-रेखांशांवरून अंतर काढलं, सरासरी वेगाने भागलं, चढ-उताराची काही मिनिटं वर घातली, झालं! ते भूमितीचं उत्तर आहे, वेळापत्रक नव्हे.

नवी मुंबई विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 ला प्रवासी विमानं उडू लागल्यापासून पनवेलकरांची गणितंही याच वळणाची झाली आहेत. मोपा इथून सरळ रेषेत 370 किलोमीटर, विमानाचा वेग ताशी 800, म्हणजे अर्ध्या तासात गोवा. मग तिकिटावर सव्वा तास का?

कारण तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि मुक्कामी जागेवर थांबलं की संपतो. ट्रॅक्टरने मागे ढकलणं, धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, परवानगीची वाट पाहणं, हे सगळं त्यात आलं. पूर्ण वेग मिळतो तो नऊ-दहा किलोमीटर उंचीवर. मोप्याला जाताना तिथवर पोचेपोचेतो उतरायची वेळ होते. म्हणूनच नागपूर मोप्याच्या जवळजवळ दुप्पट लांब असूनही वेळ दुप्पट लागत नाही. शिवाय कंपन्या वेळापत्रकात थोडी ढील ठेवतात. ‘वेळेआधी पोचलो’ या घोषणेचं श्रेय बऱ्याचदा त्या ढिलीलाच.

विमान कोणतं, हेही पाहायला हवं. छोट्या विमानतळांवर बहुधा पंख्याचं एटीआर येतं. त्याचा वेग ताशी 500 च्या आसपास. अंतर तेच, वेळ वेगळा.

विमान सरळ रेषेत जातं, हा आणखी एक समज. पृथ्वी गोल असल्याने मुंबईहून न्यूयॉर्कला जायची सर्वांत जवळची वाट उत्तरेकडून वळते. भिंतीवरच्या सपाट नकाशात ती उगाच वाकडी दिसते. पण ती वाटही मोकळी असेलच असं नाही. 2019 मध्ये फेब्रुवारी ते जुलै आणि पुन्हा एप्रिल 2025 पासून पाकिस्तानने हवाई हद्द बंद केल्यावर उत्तर भारतातून पश्चिमेला जाणाऱ्या आपल्या विमानांना वळसा पडला. विमानतळ जागचे हलले नाहीत, तास मात्र वाढले. वाऱ्याचंही तसंच. उंचावरचा पश्चिमेचा वारा लंडनला जाताना समोरून लागतो आणि येताना पाठीवर घेतो, म्हणून परतीचा प्रवास सहसा लवकर आटोपतो.

रस्त्याचं अंतर आणि हवाई अंतर यांचीही सरमिसळ होते. मुंबई आणि नवी मुंबई हे दोन विमानतळ हवेत जेमतेम 25 किलोमीटरवर आहेत. टॅक्सीवाला त्या हिशेबाने पैसे घेणार नाही.

तेव्हा पनवेलकरांनी मोप्याचं तिकीट काढताना घर ते विमानतळ, उड्डाणाआधीचे दोन तास, सामानाच्या पट्ट्यापाशी उभं राहणं आणि तिथून पणजीपर्यंतचे पस्तीसेक किलोमीटर हे सगळं धरावं. चार-साडेचार तासांच्या आत पणजी होत नाही.