कोरडी लाकडं

२००६ चा ऑगस्ट होता. देवळी तालुक्यातलं, वर्धा नदीच्या काठचं एक लहान गाव. तीन दिवसांपासून झड लागलेली. ग्रामसेवक म्हणून मी त्या गावात रुजू होऊन आठ महिने झाले होते. एका शेतकऱ्याने आत्महत्या केली होती. पंचनामा, शवविच्छेदन आटोपून मयत गावात आली तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते.

गावाला स्मशानभूमी होती, म्हणजे नाल्याकाठचा एक मोकळा तुकडा होता. शेड नाही, ओटा नाही. सरणाला आणलेली बाभूळ त्याच आठवड्यात तोडलेली, वरून पावसात भिजलेली. दोनदा पेटवलं, दोनदा विझलं. कुणीतरी ट्रॅक्टरमधून डिझेल काढून आणलं. तेही जळून गेलं आणि लाकूड तसंच काळं पडून राहिलं. मग दोन पोरं गावात पळाली आणि सायकलींचे जुने टायर घेऊन आली. टायरांनी पेट घेतला. काळा, चिकट धूर खाली बसला, डोळ्यांत गेला, तोंडात त्याची चव आली.

मयताची मुलगी नऊ-दहा वर्षांची असेल. ती बांधावर एकटी उभी होती. तिने माझी बाही ओढली आणि विचारलं, "काका, बाबाले टायर कावून लावून राहिले?"

मला उत्तर देता आलं नाही. नंतर तीन तालुक्यांत नोकरी केली, २०२३ मध्ये निवृत्त झालो, आणि अजूनही मयत झाली की लोक मला फोन करतात. मी जातो. का जातो, असं घरची मंडळी विचारतात. त्या मुलीचा प्रश्न मनातून गेलेला नाही, एवढंच मी सांगू शकतो.

लाकडाचं आधी सांगतो, कारण गरिबाच्या घरी सगळ्यात जास्त हाल तिथेच होतात. माणसाच्या शरीरात निम्म्याहून अधिक पाणी असतं. ते पाणी आटेपर्यंत खरं दहन सुरूच होत नाही. त्यात लाकूडही ओलं असेल तर आगीची बरीच ताकद लाकडातल्या पाण्याची वाफ करण्यातच जाते. म्हणून उघड्या जमिनीवर सरण रचलं तर तीन ते पाच क्विंटल लाकूड लागतं, आणि ते ओलं असेल तर तेवढंही पुरत नाही. दुसरी गोष्ट हवेची. लाकडं जमिनीवर थेट टाकली की खालून वारा मिळत नाही. तीच लाकडं हातभर उंच लोखंडी जाळीवर, बाजूंना चौकट देऊन रचली तर खालून हवा ओढली जाते आणि दोन क्विंटलच्या आतबाहेर काम होतं. म्हणजे एक जाळी बसवली तर प्रत्येक मयतीमागे एखादं झाड वाचतं आणि घरच्यांचे पैसेही.

गावात शेड आणि ओटा बांधायला पैसे नाहीत असं म्हणणाऱ्या सरपंचांना मी एकच सांगत आलो: जिल्हा नियोजनातून ग्रामपंचायतींना जनसुविधेचं विशेष अनुदान मिळतं, दहनभूमी आणि दफनभूमीची कामं त्यात बसतात. ठराव करा, जागेचा सातबारा जोडा, पाठपुरावा करा. त्या नदीकाठच्या गावात शेड व्हायला तीन वर्षं लागली. बहुतेक वेळ ती जागा नेमकी कुणाची, हे ठरवण्यात गेला.

पण शेडने लाकूड कोरडं होत नाही. ते आधी साठवावं लागतं. आम्ही ठरवलं की दरवर्षी अक्षय तृतीयेच्या आठवड्यात, वावरं साफ होतात तेव्हा, ज्याच्याकडे बाभूळ, कडुनिंब, आंब्याचं वाळलेलं खोड असेल त्याने थोडं आणून शेडच्या मागच्या खोलीत टाकायचं. मृगाच्या आधी वर ताडपत्री. मोबदला नाही, नोंद मात्र वहीत. ज्याच्या घरी मयत होईल त्याने त्यातून न्यायचं, त्याचे पैसे द्यायचे नाहीत, जमेल तेव्हा परत भरून द्यायचं. मुंबई-नागपूरसारख्या महापालिका दहनघाटावर लाकूड मोफत देतात. गावाला महापालिका नसते, पण बाभळी असतात. नागपुरात शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबून केलेल्या कांड्याही सरणाला वापरतात, मोक्षकाष्ठ म्हणतात त्याला. आपल्या जिल्ह्यात कापूस वेचून झाला की पऱ्हाटी धुऱ्यावर नेऊन जाळतात. ती पऱ्हाटी पाहिली की मला अजून हळहळ वाटते.

ती बांधावरची मुलगी आता पुलगावला असते. गेल्या वर्षी तिची आई वारली. पहाटे तिचा फोन आला. रडणं आवरून तिने पहिलं विचारलं, "काकाजी, लाकडं कोरडी आहेत ना?"

आता खर्चाचं. वर्ध्यात किंवा हिंगणघाटात तिरडीचं सगळं सामान एकाच दुकानात मिळतं: दोन लांब बांबू, आडव्या काड्या, तणस, सुतळी, पांढरं कापड, मडकं, गुलाल, गोवऱ्या, राळ, तूप. एकेक वस्तू काही महाग नाही. पण मयतीच्या घरी भाव विचारायची लाज वाटते. जादा खर्च जो घुसतो तो सगळा या लाजेतून घुसतो. "शेवटचं आहे, आता कुठे घासाघीस करता?" असं कुणीतरी म्हणतो आणि मुलगा मान खाली घालून पैसे मोजतो.

माझंही तेच झालं. माझे वडील एका मोठ्या शहरातल्या खासगी दवाखान्यात गेले. रात्रीचे अकरा. आधी म्हणाले, उरलेलं बिल भरा, मग बॉडी मिळेल. मग गाडीवाला आला. भाडं वेगळं, जिन्यावरून उतरवायचे वेगळे, रात्रीचे वेगळे. मी सरकारी नोकर, रोज लोकांना नियम समजावून सांगणारा, आणि त्या रात्री मी एक शब्द न बोलता सगळे दिले. नंतर वाचलं की रुग्णहक्क सनदेप्रमाणे बिलासाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही. हे मला त्या रात्री कुणी कानात सांगायला हवं होतं. आता मी लोकांना तेच सांगतो, आणि गाडी ठरवायला घरच्या माणसाला जाऊ देत नाही. शेजारचा, थोडा लांबचा माणूस पाठवतो. ज्याचे डोळे कोरडे आहेत त्याला भाव विचारता येतो.

तिरडीवरचा उपाय मला आर्वी तालुक्यात एका मशिदीत सापडला. मुसलमानांकडे जनाजा मशिदीचा असतो. श्रीमंत असो, हमाल असो, त्याच एका खाटेवरून जातो आणि खाट परत येते. दर वेळी नवा बांबू नाही. मी गावातल्या लोहाराकडून हलक्या नळीची लोखंडी तिरडी करून घेतली, खांद्याला टोचू नये म्हणून दांड्यांना गोणपाट गुंडाळलं. सुरुवातीला जुने लोक कुरकुरले, एकाची तिरडी दुसऱ्याला कशी? मग एका म्हाताऱ्या वारकऱ्याने स्वतःच सांगून ठेवलं की मला त्याच्यावरूनच न्या. तो गेला, त्यावरूनच गेला, आणि प्रश्न मिटला.

दफनाचाही विचार करावा लागतो. गोंड, मुसलमान, लिंगायत, काही बौद्ध कुटुंबं, आणि लहान लेकरू गेलं तर बहुतेक सगळेच माती देतात. आमची जमीन काळी, कापसाची. मे महिन्यात ती अशी आवळते की पहार मारली तर ठिणगी उडते. श्रावणात खोदलेला खड्डा बाजूंनी ढासळतो. पावसाळ्यात खड्ड्याला दोन फळ्यांचा आधार लागतो, आणि खोदणाऱ्यांना मजुरी लागते. ही मजुरी द्यायला हात आखडू नका, एवढं मी प्रत्येक घरी सांगतो. बाकी सगळीकडे वाचवा.

आणि काही घरं असा मार्ग निवडतात की सरण, खड्डा दोन्ही लागत नाही. आपल्या जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. देहदानाचा अर्ज हयातीत भरून ठेवला तरी शेवटी जवळच्या नातलगांची संमती लागते, आणि शवविच्छेदन झालेला देह घेत नाहीत. म्हणून अर्ज भरणाऱ्याने तो कपाटात लपवून ठेवू नये, मुलासुनेला दाखवावा. नेत्रदानाला तर सहाच तास असतात.

कागदांचं मी थोडक्यात सांगणार नाही, कारण माझं आयुष्य त्यातच गेलं. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची, त्याला पैसे लागत नाहीत. नोंद होते ती मृत्यू जिथे झाला तिथे; माणूस गावचा असला तरी दवाखान्यात गेला तर नोंद तिकडची. लोक माझ्याकडे येऊन चकरा मारत, मी त्यांना सेवाग्रामला पाठवत असे. घरी मृत्यू झाला तर घरच्यांनी ग्रामपंचायतीत कळवायचं. आधारकार्डावर जसं नाव आहे तसंच लिहून घ्या. "लक्ष्मण" आणि "लक्ष्मणराव" एवढ्या फरकाने बँकेत सहा महिने गेलेली बाई मी पाहिली आहे. वर्ष उलटून गेलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

दाखल्याच्या पाचसहा प्रती घ्या. वारसफेरफाराला एक, बँकेला एक. आणि मयताचं पासबुक घेऊन कुणीतरी नीट वाचा. वर्षातून एकदा ४३६ रुपये कापले गेले असतील तर तो प्रधानमंत्री जीवनज्योती विमा आहे, त्याचे दोन लाख मिळतात. कित्येक घरांना तो उतरवल्याचंच माहीत नसतं. कमावता माणूस साठीच्या आत गेला आणि घर दारिद्र्यरेषेखालचं असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार तहसीलमधून मिळतात. शेतकरी वीज पडून, साप चावून, अपघाताने गेला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून दोन लाख, पण अर्ज ३० दिवसांत. कर्मचारी राज्य विमा योजनेतला कामगार असेल तर अंत्यविधीचे १५ हजार. हे पैसे सरणाच्या दिवशी हातात येत नाहीत, हे खरं. पण तेरवीसाठी सावकाराकडे जाणारा माणूस हे ऐकून थांबतो, हेही मी पाहिलं आहे.

तेरवीवर बोललं की लोकांना राग येतो. तरी बोलतो. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत अंत्यसंस्कारावर एक स्वतंत्र अध्यायच आहे. गाडगेबाबा कर्ज काढून पंगती घालू नका म्हणून कीर्तनातून गावोगाव सांगत फिरले. ज्या घरात या दोघांचे फोटो आहेत त्याच घरात पाचशे पानं उठतात आणि बैल विकला जातो. मी सांगतो, पंगत घालायची असेल तर शेजाऱ्यांनी घाला. पहिल्या दिवशी नातेवाईक कडू घास आणतात ना, तसंच तेराव्या दिवशीही भाजीभाकर आणा. संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाची प्रार्थना ठेवा. बौद्ध वस्तीत पुण्यानुमोदनाला त्रिशरण-पंचशील होतं, आठवणी सांगतात, चहा होतो आणि लोक घरी जातात.

पंगतीशिवायही आठवण करता येते. १९८२ च्या दिवाळीत मी सतरा वर्षांचा होतो. विनोबांनी अन्न आणि औषध सोडलं होतं, १५ नोव्हेंबरला पवनारला ते गेले. वडिलांच्या सायकलवर मागे बसून मी गेलो होतो. धाम नदीच्या काठी एवढी माणसं आणि एवढी शांतता मी पुन्हा पाहिली नाही. त्याच नदीत १२ फेब्रुवारी १९४८ ला गांधीजींच्या अस्थी विसर्जित झाल्या. अजूनही त्या तारखेला लोक सुताची गुंडी घेऊन पवनारला येतात. श्राद्धाला हातची सुतगुंडी चालते, हे आमच्याकडच्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. आठवण तेवढी करून द्यावी लागते.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा दिसली. सरणाकडे पाहत राहिलो आणि घरात काय चाललंय ते पाहिलंच नाही. नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात, जोडवी ओढून काढतात. काच मनगटात घुसून रक्त आलेलं मी पाहिलं, आणि ते बायकांचं काम म्हणून बाहेर उभा राहिलो. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात शासनाचं परिपत्रक सगळ्या ग्रामपंचायतींकडे आलं. मी ते ग्रामसभेत वाचलं. पुरुष गप्प बसले. मागून एक म्हातारी उठली, स्वतः विधवा, आणि म्हणाली, "माह्या वक्ताले हे वाचलं असतं तं." ठराव मंजूर झाला. तरी अजून मयत झाली की मी गावच्या आशाताईंना आधी त्या घरात पाठवतो, बाईच्या शेजारी बसून राहायला. त्या तिचे हात हातात धरून बसतात.

चौदाव्या-पंधराव्या दिवशी मी पुन्हा जातो. पाहुणे गेलेले असतात, दारातला मांडव उतरलेला असतो, आणि खरं दुःख तेव्हा घरात शिरतं. मागच्या उन्हाळ्यात असाच एका घरी मृत्यूचा दाखला घेऊन गेलो. घरी फक्त ती बाई आणि एक शेळी. तिने चहा केला. दाखला हातात घेऊन उलटसुलट पाहिला. तिला वाचता येत नव्हतं.

"वाचून दाखवा नं, काकाजी."

मी वाचला. मयताचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, दिनांक, ठिकाण, पत्ता. ती पदर तोंडाला लावून ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "त्याच्या मायचं नाव पण आहे?"

"आहे," मी म्हणालो आणि बोट ठेवून दाखवलं. तिने त्या जागेवर आपलं बोट ठेवलं, आणि चहा निवेपर्यंत ते तिथेच होतं.