तीन दिवसांचा बेत

दिवाळीच्या सुट्टीतले तीनच दिवस मोकळे. मी नकाशा पसरला आणि विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी यादी मोठ्या हौसेने वाचून दाखवली.

आई हसली. ती मालवणची. "अरे, कोकण नकाशावर सपाट दिसतं. मधे खाड्या किती, चढउतार किती!"

खरेच होते ते. डोंगराच्या सोंडा समुद्रापर्यंत उतरलेल्या आणि त्यांच्यामध्ये खाड्या शिरलेल्या. पूल नसेल तिथे पलीकडच्या गावाला जायला तरीची वाट पाहावी, नाहीतर लांबचा वळसा घ्यावा. भरतीही रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. आमच्या घड्याळाची ती पर्वा करीत नाही.

"तुला काय पाहायचंय?" मी विचारले.

"सिंधुदुर्ग. लग्नानंतर जाणं झालंच नाही. पुढच्या वर्षी गुडघे ऐकतील की नाही, कोण जाणे."

१६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतलेला हा किल्ला. चहूकडे खारे पाणी, आत मात्र गोड्या पाण्याच्या विहिरी. आईला दूधबाव पुन्हा पाहायची आहे.

मी तीन नावे खोडली. वाचकहो, हा अंक तुमच्या हाती असेल तेव्हा आम्ही मालवणच्या धक्क्यावर होडीची वाट पाहत असू.