केमोथेरपीतील अंगदुखी आणि अशक्तपणा : किती सोसावे, किती हालावे?

कर्करोगाचे निदान झाले की घरातील वडीलधाऱ्यांची पहिली सूचना असते, "आता काही काम करायचे नाही. नुसते पडून राहायचे." ही सूचना मायेपोटीच केलेली असते. परंतु उपचारांच्या काळात रुग्णाचे हातपाय गळतात, त्याला जेवढा उपचार कारणीभूत असतो तेवढेच काही वेळा हे पडून राहणेही असते.

मोठ्या शहरात सलाईन घेऊन आलेले रुग्ण दोन सलाईनमधील दिवस गावीच काढतात आणि त्या काळात आमच्यासारख्या तालुक्याच्या डॉक्टरांकडे येतात. उलट्या होतील, केस गळतील, हे त्यांना ठाऊक असते. पण मांड्या-पिंढऱ्या ठणकू लागल्या, जिना चढवेना, की ते घाबरतात. 'रोग अंगभर पसरला' असा समज होतो आणि कधी कधी उपचारच सोडून दिले जातात.

गेल्या वर्षी स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या एक पन्नाशीच्या बाई मला म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, मरण परवडलं, पण आता ती सलाईन नको." त्यांच्या सूनबाईंनी मात्र एक चांगले काम केले होते. सलाईनची तारीख आणि दुखण्याचे दिवस त्यांनी कॅलेंडरवर टिपून ठेवले होते. प्रत्येक वेळी दुखणे दुसऱ्या दिवशी सुरू होऊन आठवड्याच्या आत थांबत होते. बाईंना पॅक्लिटॅक्सेल हे औषध चालू होते आणि त्या औषधाने होणारी अंगदुखी साधारण अशीच येते व जाते. त्या नोंदी घेऊन त्या आपल्या कर्करोगतज्ज्ञांना भेटल्या. तज्ज्ञांनी दुखण्यावरील औषध बदलून दिले आणि ठरलेल्या सर्व सलाईन पूर्ण झाल्या.

दुखणे कशामुळे?

कारणे अनेक आहेत. पांढऱ्या पेशी वाढविण्यासाठी दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनने कंबर, नितंब व मांड्यांची हाडे ठणकतात. लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल या गोळ्यांनी सकाळी सांधे आखडतात. व्हिन्क्रिस्टीनसारख्या औषधाने मज्जातंतूंवर परिणाम होऊन पायांना मुंग्या येतात, क्वचित पाऊल उचलेनासे होते. जुलाब-उलट्यांमुळे किंवा सिस्प्लॅटिनसारख्या औषधाने शरीरातील क्षार कमी झाले तर पेटके येतात. स्टेरॉईडच्या गोळ्या बरेच दिवस चालल्या तर मांड्यांचे व खांद्यांचे स्नायू झिजतात. अशा रुग्णाला दुखत फारसे नाही, पण बैठ्या संडासावरून उठता येत नाही. मात्र या गोळ्या आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत, ते धोक्याचे असते. रक्त कमी असणे किंवा थायरॉईडचा बिघाड यांनीही थकवा येतो. त्यासाठी साध्या रक्ततपासण्या पुरतात.

थोडे हाला, पण रोज

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी व्यक्तींना १० दिवस अंथरुणात ठेवले होते. तेवढ्यात त्यांच्या पायांतील, चरबी वगळता, जवळजवळ एक किलो वजन घटले. धडधाकट माणसाची ही गत, मग आजाऱ्याची काय होईल!

म्हणून दिवसातून तीन वेळा घरातल्या घरात किंवा अंगणात पाच-पाच मिनिटे चालावे. चालताना बोलता आले पाहिजे, एवढाच वेग ठेवावा. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून पाच वेळा उठावे व बसावे. भिंतीवर तळहात टेकून अंग पुढे-मागे करावे. अंथरुणावर असताना पावले वर-खाली हलवावीत. जमेल तसे दर आठवड्याला थोडे वाढवावे. ज्या दिवशी अंग अगदी गळून जाईल त्या दिवशी निम्मे करावे, पण शक्यतो खंड पाडू नये. रोग हाडात गेला असेल तर मात्र तज्ज्ञांना विचारूनच व्यायाम करावा. ताप, चक्कर, छातीत दुखणे किंवा धाप असेल तर त्या दिवशी व्यायाम नको.

ताटात काय हवे?

आजाऱ्याला पेज, साबुदाणा व फळांचा रस यांवरच ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्यातून स्नायूंना काही मिळत नाही. मूत्रपिंडाचा विकार नसेल तर ५० किलो वजनाच्या व्यक्तीला दिवसाला साधारण ६० ते ७५ ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. घट्ट वरण, उसळ, दूध, पनीर, शेंगदाण्याचा कूट, मासे यांतून थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. पेशी कमी असण्याच्या काळात अंडे पूर्ण उकडलेले व अन्न ताजे शिजवलेले असावे.

गोळी, शेक आणि मालिश

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या दुकानातून परस्पर आणू नयेत. प्लेटलेट कमी असताना त्यांनी रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडावरही ताण येतो. पॅरासिटामॉलही तज्ज्ञांना विचारून आणि आधी ताप मोजून घ्यावे, कारण त्याने ताप झाकला जातो. 'हमखास गुणाच्या' बिननावाच्या पुड्यांपासून दूर राहावे. त्यांत स्टेरॉईड मिसळलेले असू शकते. हलक्या हाताने तेल लावण्यास हरकत नाही, परंतु गाठीवर, सुजलेल्या पायावर किंवा शेकाच्या उपचारांनी लाल झालेल्या त्वचेवर चोळू नये. पायाला बधिरता असेल तर गरम पिशवी टाळावी. भाजल्याचे कळतही नाही.

येथे थांबू नका

ताप १००.४ अंशांवर गेला. पाठीच्या कण्यात नवे दुखणे सुरू होऊन पाय लुळे पडू लागले किंवा लघवी-शौचावरील ताबा गेला. एकच पाय सुजून दुखू लागला. एकाएकी धाप लागली. लघवी चहासारखी काळपट झाली. गिळताना किंवा पापण्या उघडताना त्रास होऊ लागला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. 'सलाईनमुळेच असेल' म्हणून वाट पाहू नये. पाय लुळे पडण्याच्या बाबतीत तर काही तासांच्या उशिरानेही कायमचे अपंगत्व येऊ शकते.

बाकीचे दुखणे सोसत बसण्याऐवजी वहीत लिहावे. सलाईनची तारीख, दुखणे कधी सुरू झाले, कोठे, किती दिवस, ताप किती, आणि कोणते काम जमेनासे झाले, एवढे पुरे. पुढच्या भेटीच्या वेळी फाईलबरोबर ही वहीही न्यावी. औषधाची मात्रा बदलणे, वेळ बदलणे, दुखण्यावर दुसरे औषध देणे, असे अनेक उपाय तज्ज्ञांच्या हाती असतात. मात्र रुग्णाने सांगितले तरच ते करता येतात.