कोळशाचे कुळशील

सागाच्या ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याचा छाप एकदा उमटला, की तो ओंडका कोणत्या कुपातून निघाला आणि कोणाच्या हुकमाने निघाला, हे वखारीपर्यंत कोणालाही वाचता येते; परंतु त्याच कुपातील ऐन, किंजळ, धावडा यांची लाकडे भट्टीत शिरून लोणारी कोळसा होऊन बाहेर पडली, म्हणजे छाप, साल, वय आणि मालकी ही सर्व एकाच धुरातून निघून जातात, आणि मागे उरतो तो केवळ काळा, हलका, आपटला असता खणखणीत वाजणारा असा एक पदार्थ, ज्याच्यापाशी स्वतःविषयी सांगण्यासारखे काहीच नाही असे सकृद्दर्शनी वाटते. खात्यातील माझ्या नोकरीचा बराच काळ अशा निनावी मालाचे वाहतूक पास लिहिण्यात व तपासण्यात गेला. म्हणून नामिबियात मुलीकडे राहण्याचा योग आला, आणि त्या देशातील कोळसा-उत्पादकांचा एक राष्ट्रीय संघ असून त्याची कचेरी ओचिवारोंगो नावाच्या गावी आहे असे कळले, तेव्हा तेथील कारभार पाहण्याची मला जी उत्सुकता वाटली, तिला घरच्यांनी निवृत्त कारकुनाची खोड म्हटले. ते अगदीच चूक होते असे नाही.

नामिबियाचे क्षेत्रफळ सुमारे ८ कोटी २४ लाख हेक्टर आणि लोकसंख्या, २०२३ च्या जनगणनेप्रमाणे, ३० लाखांच्या आसपास. या भूमीपैकी २.६ कोटी ते ४.५ कोटी हेक्टर, ज्याचा अंदाज ग्राह्य धरावा त्याप्रमाणे, काटेरी झुडपांच्या जाळीने व्यापलेली आहे. झाडोरा वाढला म्हणजे वनश्री वाढली, अशा समजुतीत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे वर्तमान शुभ वाटेल. परंतु तेथील पशुपालकाच्या दृष्टीने ती एक आपत्ती आहे, कारण जाळी दाटली की गवत नाहीसे होते, आणि जेथे पूर्वी एक कळप पोसला जाई तेथे त्याच्या अर्ध्यालाही चारा पुरत नाही. गुरांची अतिचराई, वणव्यांना घातलेला आळा, पाला खाणाऱ्या हत्तींसारख्या वन्य पशूंची हकालपट्टी आणि हवेतील वाढता कर्बवायू अशी कारणे त्यास शास्त्रज्ञ देतात. ओचिवारोंगोच्या परिसरातच चित्त्यांच्या संरक्षणासाठी चालणारी एक प्रख्यात संस्था आहे, आणि तीही ही जाळी तोडून तिच्या दाबलेल्या कांड्या सरपणासाठी विकते, कारण वेगाने धावून शिकार करणाऱ्या चित्त्याला या काट्यांत धावता येत नाही व धावलाच तर त्याचे डोळे फुटतात. १७ सप्टेंबर २०२२ रोजी आपल्या कुनोच्या अरण्यात जे आठ चित्ते उतरले, ते याच देशातून आलेले.

त्या जाळीत हिंडताना मला परकेपणा वाटला नाही, याचे कारण वनस्पतींत होते. तेथे ज्या दोन झुडपांचा सर्वाधिक उपद्रव, त्यांपैकी एक आपल्या देशावरील माळरानांत गुलाबी-पिवळ्या दुरंगी तुऱ्यांनी फुलणारी सिगमकाठी, आणि दुसरे, ज्याला तेथील लोक काळा काटा म्हणतात ते, आपल्या खैराचे सगोत्र. या खैरापासून काथ काढणारे ते काथोडी अथवा कातकरी, आणि इंग्रजी अमदानीत जंगलावर निर्बंध येऊन काथाचा धंदा बसल्यावर मुंबईच्या चुलींसाठी कोळसा पाडू लागले तेही तेच. तेव्हा खैराच्या या आफ्रिकी भाऊबंदापासून कोळसा पाडणारा माणूस दिसताच त्याच्या हिशेबाची वही कोण लिहितो, हा प्रश्न माझ्या मनात प्रथम आला. पण तो पुढे येईल.

भट्टी म्हणजे तेथे खणलेला खड्डा नव्हे आणि मातीने लिंपलेला ढीगही नव्हे. ते जाड पत्र्याचे, माणसाच्या उंचीच्या जवळपासचे एक उभे पिंप असते, आणि ते गडगडत नेऊन जेथे तोड चालू असेल तेथे उभे करतात. कुऱ्हाडीने तोडून काही आठवडे वाळविलेली लाकडे त्यात रचून तळाशी विस्तव द्यायचा, लाकूड खाली बसेल तसतशी वरून भर घालायची, आणि मग धूर पाहत बसायचे. प्रथम येतो तो पांढरा, दाट, ओला धूर, आणि तो वास्तविक लाकडातील पाण्याची वाफच असते. नंतर तो पिवळसर व उग्र होतो, आणि याच सुमारास, म्हणजे २८० अंशांच्या पुढे, लाकडाचे विघटन बाहेरून उष्णता न मागता स्वतःच उष्णता देऊ लागते. शेवटी धूर विरळ व निळसर झाला, की तळाची भोके मातीने बुजवून वर झाकण घालून कडा लिंपायच्या. झाकण लवकर घातले तर अर्धकच्ची, धुरकट कांडकी हाती येतात. उशीर केला तर कोळशाची राख होते. एवढे करून साधारणतः पाच टन लाकडामागे एक टन कोळसा पदरात पडतो. मी ज्या शेतावर हे पाहिले तेथील भट्टीवाला उत्तरेकडील कवांगो प्रांतातून आलेला होता, त्याच्यापाशी उष्णतामापक यंत्र नव्हते, आणि तीन-चार भट्ट्यांच्या मधोमध उभा राहून तो एकाच वेळी सगळ्यांच्या धुराकडे ज्या सावधपणाने पाही, तो पाहून उतू जाणाऱ्या दुधापाशी उभ्या असलेल्या गृहिणीची मला आठवण झाली.

हे झाले कोळशाचे उत्पादन. संघाच्या कचेरीत मात्र कोळशाचा एक तुकडाही नजरेस पडत नाही असे म्हटले तरी चालेल. तेथे दिसतो तो कागद. नामिबिया चारकोल असोसिएशन असे त्या संघाचे नाव असून, आपली जाळी तोडून कोळसा पाडणारे शेतमालक हे त्याच्या सभासदत्वाचे एक अंग, आणि त्यांच्याकडून माल घेऊन, चाळून, पिशव्या भरून परदेशी पाठविणारे प्रक्रियाकार हे दुसरे. एकाला टनामागे भाव चढा हवा, दुसऱ्याला उतरता हवा, आणि दोघांनाही सरकारदरबारी एकच तोंड हवे. अशा दोन धन्यांची चाकरी करणाऱ्या चिटणिसाला जी मुत्सद्देगिरी लागते, तिच्यापुढे आमच्या खात्यातील मक्तेदार आणि परिक्षेत्र अधिकारी यांची रस्सीखेच म्हणजे पोरखेळ म्हणावा लागेल. शेतमालक येतो आणि विचारतो, तोडीचा परवाना संपत आला, नवा केव्हा मिळेल? तोडीचा परवाना वेगळा, वाहतुकीचा वेगळा, निर्यातीचा वेगळा, शिवाय पर्यावरणाचा दाखला निराळा. २००१ च्या वनकायद्याने नदीनाल्यापासून १०० मीटरांच्या आत हात लावू नये असे बजावलेले, आणि उंटकाट्यासारखे काही मोठे वृक्ष संरक्षित. ही सारी कलमे ऐकताना मला आपल्या घरी आल्यासारखे वाटले, हे कबूल केले पाहिजे. जंगल कोठलेही असो, परवान्याचा वास एकच.

परंतु आमच्या काळी पास हा मुंबईच्या नाक्यापर्यंतच माल पोहोचवी; येथे तो सातासमुद्रापार पोहोचवावा लागतो. जर्मनीतील किंवा इंग्लंडमधील गृहस्थ रविवारी अंगणात मांस भाजण्यासाठी जी पिशवी उचलतो, तिच्यातील कोळशाने युरोपीय मानकाप्रमाणे किमान ७५ टक्के स्थिर कर्ब दाखवावा लागतो, राख व ओलावा प्रत्येकी ८ टक्क्यांच्या वर जाऊन चालत नाही, आणि १० मिलिमीटरांहून बारीक चुरा ७ टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. याशिवाय त्या पिशवीवर वनव्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणचिन्ह हवे. आणि एकेकट्या शेतकऱ्याला त्याच्या तपासणीचा खर्च झेपणारा नसल्याने मोठे प्रक्रियाकार आपापल्या शेतकऱ्यांचे गट बांधून एका दाखल्याखाली अनेकांना घेतात. त्यात २०२३ मध्ये युरोपीय संघाने निर्वनीकरणाविरुद्ध कायदा केला. त्याच्या अंमलाची तारीख वारंवार पुढे ढकलली गेली असली, तरी लाकडी कोळसा त्याच्या यादीत आहे, आणि माल ज्या भूखंडावर तयार झाला त्याचे अक्षांश-रेखांश मागण्याची त्यात तरतूद आहे.

या कायद्याने तेथील लोकांपुढे एक विलक्षण पेच टाकला आहे. अर्धा हेक्टरहून मोठी जागा, पाच मीटरांहून उंच होणारी झाडे आणि दहा टक्क्यांहून अधिक छाया, अशी अरण्याची मोजमापे जागतिक अन्न व कृषी संघटनेने ठरविलेली आहेत, आणि अरण्य मोडून तेथे शेती करणे हा या कायद्याच्या दृष्टीने अपराध. आता ज्या कुरणावर जाळीने आक्रमण केले, ते कुरण तिच्या तावडीतून सोडवून पुन्हा गवताखाली आणणाऱ्याने अरण्य मोडले म्हणावे, की आपली शेतजमीन परत मिळविली म्हणावे? जमीन मुळात गुरचराईची आहे व तशीच राहणार आहे, म्हणून हे निर्वनीकरण नव्हे, ही तेथील उत्पादकांची बाजू मला बरीचशी पटते. मात्र तिला एक जोड हवी. बुंधा तोडून सोडून दिला, तर त्यास चौफेर धुमारे फुटतात आणि काही पावसाळ्यांत पहिल्याहून दाट जाळी उभी राहते. म्हणजे तोडीनंतरची निगा घेतली नाही, तर हातात कुरणही नाही आणि अरण्यही नाही, केवळ कोळशाच्या पावत्या उरतात.

आणि कोळसा आपले कुळ सांगत नाही ही माझी जन्मभराची समजूतही पुरती खरी नव्हती, हे मला तेथे कळले. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे थ्यूनेन संस्थेचे काष्ठशास्त्रज्ञ कोळशाचा तुकडा मोडून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात, आणि जळूनही अभंग राहिलेल्या त्याच्या वाहिन्या व पेशी पाहून मूळ झाडाची जात अथवा निदान कूळ सांगतात. म्हणजे पिशवीवर एक लाकूड आणि आत दुसरेच, ही लबाडी आता लपण्यासारखी नाही. मात्र सूक्ष्मदर्शकाला जात कळते, गाव कळत नाही; ते झाड परवान्याच्या हद्दीत होते की नाल्याच्या काठी होते, हे सांगावयास अखेर वहीच लागते, आणि ती वही विश्वसनीय ठेवणे हाच अशा संघाचा खरा व्यवसाय, असे मी मानतो.

त्या वहीत अलीकडे एक नवे सदर आले आहे ते समुद्राचे. कोळसा भट्टीतून निघाला तरी निवत नाही. ताजा कोळसा हवेतील प्राणवायू शोषून घेतो, तापतो, आणि कोंडलेल्या पेटाऱ्यात आपण होऊन पेट घेतो. २०१५ ते २०२२ या काळात जहाजांवर अशा किमान ६८ आगी लागल्याची नोंद नौवहन कंपन्यांच्या मंडळाने केली. पूर्वी एका चाचणीत उतरलेल्या कोळशास धोकादायक माल या सदरातून सूट मिळे. १ जानेवारी २०२६ पासून ती सूट रद्द झाली. आता माल भरण्यापूर्वी १४ दिवस उघड्यावर निववावा, भरतेवेळी त्याची उष्णता ४० अंशांच्या वर नसावी, आणि पेटाऱ्यात वरच्या बाजूस ३० सेंटिमीटर जागा मोकळी ठेवावी, असे नियम वॉल्व्हिस बे बंदरातून निघणाऱ्या प्रत्येक पेटाऱ्यास लागू आहेत.

समुद्रावरची आग अशी कलमबद्ध झाली; जमिनीवरची तितकी सहज होत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये एटोशा राष्ट्रीय उद्यानात वणवा शिरला आणि बावीस हजारांहून अधिक चौरस किलोमीटरांच्या त्या अभयारण्याचा सुमारे एक-तृतीयांश भाग जळाला. शेजारच्या शेतांवरील कोळशाच्या भट्ट्यांतून तो निघाला असावा, असा संशय तेथील पर्यावरण मंत्रालयाने व्यक्त केला. भट्टीभोवतीची जागा साफ असावी, पाणी जवळ असावे, वारा असेल तर विस्तव देऊ नये, हे कोणालाही शिकविता येते. पण भट्टी रात्रभर धुमसते, आणि रात्री तिच्यापाशी कोणी बसावे हा मुख्य प्रश्न.

येथे मी माझ्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. भट्टीवाल्याची मजुरी टनावर ठरते. मी गेलो त्या शेतावर टन म्हणजे चाळणीवर राहिलेला टन. खाली पडलेला चुरा मालक कांड्या पाडणाऱ्यास विकी, परंतु भट्टीवाल्याच्या खात्यावर तो जमा होत नसे. दुकानातून उचललेले पीठ, साखर, तंबाखू मात्र त्याच खात्यावर नावे पडे. हा माणूस नोकर की स्वतंत्र कंत्राटदार, यावर त्या देशात पुष्कळ वाद झालेला आहे, आणि आमच्याकडे दिवाळीनंतर उचल घेऊन भट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाविषयी तो तितका देखील होत नाही. त्यामुळे नामिबियाला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. पण हिशेब तपासणे ही माझी सवय, आणि त्या हिशेबात रात्रीच्या पहाऱ्याचा आकार कोठेच नव्हता. टनावर पोट असलेला माणूस रात्री भट्टी राखतो ती फुकट राखतो, किंवा दमून झोपतो. शिवाय त्या शेतावर वजन माल उचलताना होई, म्हणून निवण्याचे ते १४ दिवस मोजले जात ते त्याच्या पैशातून.

तेव्हा पहाऱ्याची मजुरी टनाच्या दराबाहेर वेगळी दाखवावी, आणि कोळसा भट्टीतून काढताच जागेवर वजन करून पैसे द्यावेत, अशा दोन गोष्टी मी त्या शेतमालकापाशी काढल्या. पहिली त्याला रास्त वाटली. पण टनाला जो भाव येतो त्यात ती बसत नाही, भाव प्रक्रियाकार ठरवितो, असे तो म्हणाला. पुढे एका प्रक्रियाकाराच्या गोदामात चाळण्यांचा खडखडाट चालू असता मी तोच विषय काढला. त्याने नम्रपणे ऐकून घेतले, भाव जर्मनीतील खरेदीदार हंगामापूर्वीच बांधून देतो असे सांगितले, आणि त्या करारात कोणकोणत्या दाखल्यांची मागणी असते त्याची यादी माझ्यापुढे ठेवली. ती मी दोनदा वाचली. तीत अक्षांश होते, रेखांश होते, राखेची टक्केवारी होती, मजुरांसाठी तंबू, पाणी व हातमोजे हेही होते, आणि रात्रीचा पहारा नव्हता.