विंडोज मारायची की थांबायचं?

मुखेडच्या बसस्टँडकडून गावात शिरताना एका गाळ्यात माझ्या मित्राचं सेवा केंद्र आहे. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, विद्यापीठाचे परीक्षा फॉर्म, सगळं दोन टेबलांवर चालतं. 2025 च्या ऑगस्टात, 17 आणि 18 तारखेच्या मधल्या रात्री, तालुक्यात पाऊस कोसळला. हसनाळ, रावणगावात पाणी घुसलं, माणसं गेली, जनावरं दावणीला बांधलेली वाहून गेली. मग पंचनामे झाले, याद्या लागल्या, आणि ज्यांची आधार पडताळणी राहिली होती ती मंडळी अशा केंद्रांपुढे उभी राहिली. गर्दी मावळते न मावळते तोच कॉम्प्युटरच्या पडद्यावर सूचना येऊ लागली की विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबरला संपतोय. पुढच्याच आठवड्यात दिवाळी.

त्या दिवसांत गाळ्यातल्या बाकड्यावर बसून मी जे ऐकलं, त्यातलं बरंचसं चूक होतं. काही अगदी उलटं होतं. अजूनही तेच बोललं जातं, म्हणून हे लिहितो आहे.

सगळ्यात जास्त पसरलेली गोष्ट म्हणजे 14 ऑक्टोबरनंतर कॉम्प्युटर चालूच होणार नाही. एका मास्तरांनी तर 13 तारखेला रात्री बसून सगळं पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. तसं काही झालं नाही आणि होणारही नव्हतं. विंडोज 10 आली 29 जुलै 2015 ला, आणि कंपनीने ठरल्याप्रमाणे दहा वर्षांनी तिची फुकटची डागडुजी थांबवली. मशीन सुरू होतं, प्रिंट निघते, टॅली उघडते. थांबतात त्या सुरक्षेच्या दुरुस्त्या. म्हणजे सिस्टीममध्ये नवं भोक सापडलं तर ते बुजवायला यापुढे कोणी येणार नाही.

त्यातही घरगुती वापरासाठी एक वर्षाची वाढीव मुदत ठेवली होती, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत. तीस डॉलर भरा, नाही तर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्याकडे चालू ठेवा, म्हणजे पैसे लागत नाहीत. अट एवढीच की विंडोज 10 ची शेवटची आवृत्ती, म्हणजे 22एच2, हवी. ही सोय सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावरच दिसत होती. पण आपल्याकडे अपडेटचं पान उघडतो कोण? आपण ते बंद करायला शिकलेलो असतो.

तेही उगाच शिकलेलो नाही. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर केंद्र चालवायचं, रोजचा दीड जीबी डेटा, आणि अपडेट एकटंच चार-पाच जीबी खाणार. वर ऐन रांगेत मशीन स्वतःहून रिस्टार्ट होणार, आणि नेमकी त्याच वेळी लाईट जाणार. पडद्यावर टक्के मोजत बसलेला ऑपरेटर आणि समोर सकाळपासून उपाशी आलेला म्हातारा, हे दृश्य मी पाहिलेलं आहे. म्हणून अपडेट बंद ठेवणाऱ्याला मी आळशी म्हणणार नाही. पण कारण खरं असलं तरी धोका कमी होत नाही.

“अँटीव्हायरस आहे ना, मग झालं!” हे दुसरं. विंडोज 10 मधल्या डिफेंडरला विषाणूंच्या नव्या याद्या ऑक्टोबर 2028 पर्यंत मिळत राहणार आहेत, त्यामुळे या समजाला आणखीच बळ आलं. पण अँटीव्हायरस म्हणजे दारावरचा राखणदार, ओळखीचे चोर पकडणारा. भिंतच खचली असेल तर तो दारातच उभा राहतो.

12 मे 2017 ला वॉनाक्राय नावाचा विषाणू जगभर पसरला. विंडोजमधल्या ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच, म्हणजे जवळपास दोन महिने आधी दिली होती. बळी पडलेल्यांत सर्वाधिक मशीन विंडोज 7 ची होती, आणि तेव्हा विंडोज 7 चा सपोर्ट चालू होता! थोडक्यात, सिस्टीम जुनी नव्हती, लोकांनी अपडेट घेतलेलं नव्हतं. त्यानंतर दीड महिन्यातच, 27 जूनला, नॉटपेट्या आला. त्यात आपल्या महाराष्ट्रातलं जवाहरलाल नेहरू बंदर सापडलं. तिथलं एक कंटेनर टर्मिनल मेर्स्क या डॅनिश समूहाकडे होतं. समूहाची यंत्रणा परदेशात कोसळली आणि इकडे उरणला कंटेनरची कामं अडकली. आता गंमत बघा, हा नॉटपेट्या मुळात पसरला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. म्हणजे अपडेट घेतलं की सगळं सुरक्षित, हेही अर्धसत्यच. तरी अशी घटना विरळा. न घेतलेल्या अपडेटमुळे फसलेले मात्र ढीगभर सापडतील.

इथे कोणीतरी हमखास म्हणतं, “आपल्याकडे काय ठेवलंय चोरायला? बँकेत चार हजार नाहीत.” मित्रही हेच म्हणायचा. मी त्याला डाउनलोडचं फोल्डर उघडायला लावलं. आधार कार्डांचे फोटो, पासबुकाची पहिली पानं, सातबारे, जातीचे दाखले, पोरींची दहावीची गुणपत्रकं, व्हॉट्सअपवरून आलेलं आणि प्रिंट काढून झाल्यावर तसंच राहिलेलं. वर्षानुवर्षांचं. मोजायला लागलो आणि सोडून दिलं. त्याच्याकडे चोरण्यासारखं काही नाही हे खरंच आहे, पण अख्ख्या पंचक्रोशीचे कागद त्याच्या मशीनमध्ये पडलेले आहेत. माझ्या मते अपग्रेडचा सगळा विचार इथून सुरू व्हायला हवा. घरी नातवाला गाणी लावण्यापुरतं मशीन असेल तर निवांत राहा. दुसऱ्याचे कागद आणि दुसऱ्याचा अंगठा ज्या मशीनवर येतो, त्याच्या मालकाला ती मुभा नाही.

आता यंत्राचं. दुकानात दोन टोकाची उत्तरं मिळतात. एक म्हणतो, हे डबडं भंगारात द्या, नवीनच घ्या. दुसरा म्हणतो, काळजी नको, कसल्याही मशीनवर अकरा मारून देतो. दोघांचाही त्यात धंदा आहे.

वस्तुस्थिती अशी की विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, सिक्युअर बूट लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. पिढी ओळखणं अवघड नाही. ‘आय5-7200’ लिहिलं असेल तर आडव्या रेघेनंतरचा 7 म्हणजे सातवी पिढी, हुकली. ‘आय3-8130’ असेल तर आठवी, बसली. रॅम कागदावर 4 जीबी पुरते, प्रत्यक्षात 8 जीबीच्या खाली ब्राउझरची चार पानं उघडली की मशीन लटकतं. टीपीएम नाही असं दाखवलं म्हणून लगेच हात टेकू नका. पुष्कळ मशीनमध्ये ती असते, नुसती बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं छोटं ॲप फुकट आहे, ते पाच मिनिटांत सांगतं की मशीन बसतं की नाही आणि अडतं कुठे.

आणि तो “कसल्याही मशीनवर” वाला? तपासणी चुकवून विंडोज 11 टाकता येते, हे खरं आहे. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी देत नाही, असं कंपनीने स्पष्ट सांगितलेलं आहे. ज्या अपडेटसाठी हा सगळा खटाटोप, त्याचीच खात्री नाही. शिवाय 2024 मध्ये आलेली 24एच2 ही आवृत्ती कोअर टू ड्युओच्या जमान्यातल्या जुन्या प्रोसेसरवर सुरूच होत नाही, कारण तिला लागणाऱ्या काही सूचना त्या प्रोसेसरला कळतच नाहीत. चोरीच्या विंडोजबद्दल तर काय बोलावं. ती ॲक्टिव्हेट करणारी उचापती फाइल आधी डिफेंडर बंद करायला सांगते. तिथेच कळायला हवं. अस्सल विंडोज 10 असेल आणि मशीन अटीत बसत असेल तर अकराचं अपग्रेड फुकट आहे, त्याचे पैसे कोणी मागत असेल तर ते त्याच्या मजुरीचे समजा.

“विंडोज नवी टाकली की मशीन फास्ट होतं” हाही असाच एक समज. फास्ट होतं ते जुना कचरा पुसला जातो म्हणून, आणि तेही थोडे दिवस. तेच मशीन, पण जुनी फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली तर जो फरक पडतो तो नुसत्या विंडोजने पडत नाही. पैसे थोडे असतील तर आधी तिकडे घाला.

मराठीवाल्यांची भीती मात्र वेगळी आहे, आणि ती अगदीच निराधार नाही. माझ्या एका अर्जाची गोष्ट सांगतो. मंगल फॉन्टमध्ये टाइप केलेला, बरोबर एका पानात बसवलेला. नव्या मशीनवर उघडला तर सहीची जागा दुसऱ्या पानावर. झालं असं की विंडोज 10 पासून मंगल हा फॉन्ट सगळ्या मशीनवर आधीपासून नसतो. देवनागरीसाठी निर्मला असतो आणि मंगल ऐच्छिक म्हणून वेगळा उतरवून घ्यावा लागतो. मजकूर शाबूत राहतो, कारण तो युनिकोड आहे, फक्त अक्षरांची रुंदी बदलते आणि ओळी सरकतात. ऐच्छिक सुविधांच्या यादीतून देवनागरीचे पूरक फॉन्ट घेतले की अर्ज पुन्हा एका पानात.

युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये केलेल्या फायली नव्या मशीनवर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दाखवतात, तेव्हा लोक म्हणतात नव्या विंडोजने मराठी खाल्लं. तिने काही खाल्लेलं नसतं. फॉरमॅट मारताना फॉन्टचं फोल्डर कोणी जपलेलं नसतं, एवढंच. फॉन्ट परत टाकला की मजकूर परत येतो. जुनं टायपिंग सॉफ्टवेअर डोंगलवर चालत असेल तर मात्र त्याचं नव्या सिस्टीमवर जमतं का, हे कंपनीला आधी विचारलेलं बरं. ज्यांना नव्याने शिकायचंय त्यांच्यासाठी विंडोजमध्येच मराठीचा फोनेटिक कीबोर्ड 2019 पासून आहे.

“अपग्रेड म्हणजे फॉरमॅट” हेही खरं नाही. दहावरून अकरावर सरळ गेलं तर फायली, प्रोग्राम जागच्या जागी राहतात, आणि नाही पटलं तर दहा दिवसांच्या आत जुन्यावर परत येता येतं. अट इतकीच की त्या दहा दिवसांत जागा मोकळी करायच्या नादात जुन्या विंडोजचं फोल्डर पुसू नका. दुकानात देताना “अपग्रेड करा” म्हणा. “विंडोज मारा” म्हणालात तर तो सी ड्राइव्ह साफ करून देईल, आणि डेस्कटॉपवरचं सगळं सी ड्राइव्हमध्येच असतं.

केंद्रांची खरी दुखरी नस टेबलाला जोडलेल्या वस्तूंत आहे. अंगठ्याचं यंत्र, डिजिटल सहीचा टोकन, जुना लेझर प्रिंटर. प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा, आणि अंगठ्याच्या यंत्राची आरडी सर्व्हिस वेगळी. मित्राने एकाच मशीनवर आधी अकरा घेतली. दुसऱ्या दिवशी एक मामा आले. अंगठा ठेवला, पुसला, परत ठेवला. “अंगठा लागंना की रे.” मामांना वाटलं कापूस वेचून बोटं झिजली. मित्राला वाटलं नवी विंडोज. निघालं असं की सर्व्हिस जुन्या आवृत्तीची होती. कंपनीच्या साइटवरून नवी टाकली आणि मामांचा अंगठा पहिल्या फटक्यात लागला. पण त्यात पाऊण तास गेला, आणि मागे रांग. म्हणून असले प्रयोग फुरसतीच्या दिवशी, एकाच मशीनवर, आणि स्वतःचा अंगठा लावून.

जुन्या सरकारी साइट इंटरनेट एक्सप्लोररशिवाय उघडत नाहीत, म्हणून विंडोज बदलायची नाही, असंही ऐकलं. एक्सप्लोरर विंडोज 10 वरूनही 15 जून 2022 ला निवृत्त झाला. त्याचं काम एज ब्राउझरच्या आयई मोडमध्ये होतं, आणि ती सोय निदान 2029 पर्यंत ठेवणार असल्याचं कंपनीने म्हटलं आहे.

थांबायचं ठरवलंच तर घड्याळ कुठलं बघायचं? माझं उत्तर, ब्राउझर. विंडोज 7 चा सपोर्ट 14 जानेवारी 2020 ला संपला, तरी मशीनं चालत राहिली. फेब्रुवारी 2023 मध्ये क्रोमने विंडोज 7 सोडली आणि मग हळूहळू साइट उघडेनाशा झाल्या. लोकांना वाटलं मशीन म्हातारं झालं.

लिनक्सचं दोन ओळींत सांगतो. तो फक्त इंजिनियरांसाठी नाही. केरळच्या सरकारी शाळांतली पोरं वर्षानुवर्षं त्यावरच शिकतात, आणि आपल्या सी-डॅकने बॉस नावाची लिनक्सची भारतीय आवृत्ती काढलेली आहे. अटीत न बसणाऱ्या जुन्या मशीनवर पोरांच्या अभ्यासाला, टायपिंगला, इंटरनेटला तो उत्तम. टॅली किंवा अंगठ्याचं यंत्र असेल तर त्या वाटेला जाऊ नका, जीव मेटाकुटीला येईल.

मित्राकडे तीन मशीन होती. पहिलं अकरावर गेलं. दुसऱ्याला त्याने वर्षाची वाढीव मुदत घेतली. तिसरं सहाव्या पिढीचं, ते लिनक्स टाकून भाच्याला दिलं. देण्याआधी आम्ही दोघांनी बसून त्यातलं डाउनलोडचं फोल्डर रिकामं केलं. त्यात माझं आणि आमच्या आईचं आधार कार्ड निघालं, 2021 मधलं.