पाण्याचा स्वभाव आणि स्नानघरांतील गीझर

एकाच कारखान्यांतून निघालेले दोन गीझर घ्या. एक पुण्याच्या उपनगरांत कूपनलिकेच्या पाण्यावर लावा, दुसरा रत्नागिरीकडे विहिरीच्या पाण्यावर. कालांतरानें दोन्ही बिघडतील. परंतु बहुधा निरनिराळ्या रोगांनीं. या भेदाचें मूळ यंत्रांत नसून पायांखालच्या जमिनींत आहे.

पावसाचें पाणी मातींतून झिरपतांना कर्बाम्ल वायु शोषून घेतें व किंचित् आम्ल होतें. देशावरील काळ्या पाषाणाच्या भेगांत तें दीर्घकाळ मुरलें म्हणजे चुना व मॅग्नेशियम यांचे क्षार त्यांत विरघळतात. हेंच जड, म्हणजे दुष्फेन पाणी. तें तापवितांच कर्बाम्ल वायु निघून जातो आणि विरघळलेला चुना कॉइलवर खडूसारखा बसतो. या थरामुळें कॉइलची उष्णता पाण्यास लवकर पोंचत नाहीं. ती स्वतःच अतोनात तापते व अखेर जळते. जुन्या तांब्याच्या बंबांतहि असाच थर धरे. तेथें जळण अधिक लागे, एवढाच फरक.

कोंकणांत जांभा दगड आहे. युगानुयुगांच्या पावसानें त्यांतील चुना धुऊन नेला आहे. म्हणून तेथील पाणी पुष्कळदां मृदु व किंचित् आम्ल असतें. तें थर धरीत नाहीं, पण धातूस खातें. यासाठींच गीझरच्या टांकींत मॅग्नेशियमची कांडी बसविलेली असते. लोखंडाऐवजीं ती झिजते. ती संपली कीं गंज टांकीस लागतो.

एकाच घरांतहि पाण्याचा स्वभाव पालटतो. धरणाचें पाणी बहुधा मृदु; उन्हाळ्यांत टँकरनें येणारें कूपनलिकेचें पाणी जड. साबणास फेस येईनासा झाला, डाळ शिजेना, कीं तें ओळखावें. नक्की प्रमाण प्रयोगशाळा सांगते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकांत जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम असून दुसरें पाणीच नसेल तेथें 600 पर्यंत चालतें.

जड पाणी असेल तर उष्णतामान 60 अंश सेल्सिअसच्या वर ठेवूं नये, व वर्षांतून एकदां जाणत्या कारागिराकडून टांकी साफ करवावी. मृदु पाणी असेल तर कांडी वेळींच बदलावी. दोन्हीकडे सुरक्षा-झडप मात्र अवश्य तपासावी. क्षारांनीं ती बुजली आणि उष्णतेचें नियंत्रणहि बिघडलें, तर वाढलेल्या दाबास वाट उरत नाहीं व टांकी फुटूं शकते. तेव्हां प्रश्न खर्चाचा नसून घरांतील माणसांच्या जिवाचा असतो.

म्हणून गीझर घेतांना दुकानदारास किंमत विचारण्यापूर्वीं आपल्या पाण्याची चौकशी करावी.