साखर एकाला, प्रथिन दुसऱ्याला

पेणच्या गणपतीवर कुणा एकाचं नाव घालता येत नाही. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या पट्ट्यातल्या कारखान्यांत धड एका साच्यातून निघतं, हात दुसऱ्या, आणि ते जोडणारा माणूस तिसराच असतो. सांध्याची रेघ ओल्या ब्रशने मोडायची, वाळल्यावर पॉलिश पेपर मारायचा, मग अंगाचा रंग, पितांबर, दागिने. सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी करणारा सहसा साच्याला हात लावत नाही, आणि साचा भरणाऱ्याच्या हाती आखणीचा ब्रश कुणी देत नाही. कित्येक मूर्ती तर कच्च्याच बाहेरगावी जातात. घडवणारा आणि रंगवणारा यांची कधी गाठही पडत नाही, तरी मूर्ती एकसंध दिसते.

आपल्या प्रतिकारशक्तीचं बरंचसं काम असंच, एकमेकांचं काम न कळणाऱ्या दोन पेशींच्या भरवशावर चालतं. हे कळायला मात्र फार उशीर लागला, आणि सुरुवात झाली ती कोंबडीपासून.

अमेरिकेत ओहायोमध्ये ब्रूस ग्लिक हा तरुण संशोधक कोंबडीच्या गुदद्वारापाशी असलेल्या एका चिमुकल्या पिशवीच्या मागे लागला होता. तिचं काम काय, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याने काही पिल्लांची पिशवी काढून टाकली, तरी त्यांचं काही बिघडलेलं दिसेना. पुढे टिमोथी चँग या त्याच्या सहकाऱ्याला वर्गात प्रतिपिंडं दाखवायची होती. त्याने ग्लिककडच्या कोंबड्या मागून नेल्या, टोचल्या, आणि प्रात्यक्षिक साफ फसलं. पिशवी काढलेल्या कोंबड्यांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडेनात! मग हे लिहून काढलं गेलं. ‘सायन्स’ने लेख परत पाठवला. अखेर १९५६ साली तो ‘पोल्ट्री सायन्स’मध्ये छापून आला, म्हणजे ज्यांनी वाचायला हवा होता त्यांच्या टेबलावर तो गेलाच नाही. फसलेल्या तासातून इतकं मोठं काही निघाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी चटकन आठवत नाही.

त्या पिशवीत तयार होणाऱ्या त्या बी पेशी. माणसाला अशी पिशवी नसते. आपल्या बी पेशी अस्थिमज्जेत तयार होतात. दुसरी जात टी पेशींची, छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीतली. थायमस म्हणजे मरू घातलेल्या पेशींचं स्मशान, अशीच समजूत होती. १९६१ साली लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नवजात उंदरांची थायमस काढून ती समजूत मोडीत काढली. १९६८ साली मेलबर्नमध्ये त्यांनी आणि ग्रॅहॅम मिचेल यांनी पुढचा उलगडा केला. प्रतिपिंडं बनवतात त्या बी पेशी. टी पेशी एकही बनवत नाहीत. पण टी पेशींची साथ नसेल, तर बऱ्याच शत्रूंपुढे बी पेशींचं काही चालत नाही.

ही साथ किती मोलाची, हे हिब या जिवाणूने दाखवलं. तान्ह्या मुलांना न्यूमोनिया आणि मेंदूच्या आवरणाची सूज आणणारा हा जिवाणू साखरेच्या लांबलचक साखळ्या अंगावर पांघरून असतो. बी पेशींना साखर ओळखता येते. टी पेशींना प्रामुख्याने प्रथिनांचे तुकडेच कळतात, या साखरेशी त्यांना कर्तव्य नसतं. एकट्या पडलेल्या बी पेशी मोठ्या माणसात थोडंफार निभावून नेतात, तान्ह्या बाळात जवळजवळ काहीच करत नाहीत. १९८५ साली अमेरिकेत निव्वळ साखरेची लस आली. जिवाला खरा धोका असलेल्या बाळांनाच तिचा उपयोग नव्हता.

तोड जुन्या कागदांत पडून होती. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत ओस्वाल्ड एव्हरी आणि वॉल्टर गोबेल यांनी १९२९ सालीच साखर रासायनिक बंधाने प्रथिनाला जोडून सशांना टोचली होती, आणि सशांनी साखरेविरुद्ध प्रतिपिंडं केली होती. तो धागा जॉन रॉबिन्स आणि रेचेल श्नीर्सन या जोडीने उचलला. डेव्हिड स्मिथ आणि पोर्टर अँडरसन ही जोडी वेगळ्या गावात त्याच कोड्याशी झटत होती. १९८७ साली अशी पहिली जोडलस बाजारात आली.

आत काय होतं ते पाहण्यासारखं आहे. बी पेशी साखर पकडते आणि तिला चिकटलेल्या प्रथिनासकट गिळते. प्रथिनाचे तुकडे करून ते आपल्या अंगावर मांडते. टी पेशीला ते तुकडे ओळखू येतात, साखरेची तिला गंधवार्ता नसते. ती बी पेशीला इशारा देते: वाढ. अट एकच, साखर आणि प्रथिन एकमेकांना बांधलेली हवीत. दोन्ही एकाच सुईतून नुसती मिसळून दिली, तर काही साधत नाही. साचेवाला आणि आखणीवाला एकमेकांना ओळखत नसले तरी चालतं, मूर्ती मात्र दोघांच्या हाताखालून तीच जावी लागते.

इथवर पेणचा दाखला चालतो, पुढे तो तुटतो. कारखानदाराच्या डोळ्यांसमोर नमुना असतो. हे सगळं जिथे घडतं त्या लसिका गाठींत (पायाची जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, त्याच या गाठी) नमुना कुणाकडेच नसतो. इशारा मिळालेल्या बी पेशी आपल्या प्रतिपिंडाच्या जनुकात भराभर चुका करत सुटतात. बहुतेक चुका वाया जातात आणि त्या पेशी मरतात. जिची पकड चुकून घट्ट झाली, ती जास्त माल गिळते, जास्त तुकडे मांडते आणि टी पेशीची साथ पटकावते. आठवडेच्या आठवडे ही चाळणी चालते. रोह्याच्या एखाद्या उपकेंद्रात आशाताई बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी पेंटाव्हॅलेंटसाठी बोलावतात, तेव्हा दोन सुयांमधल्या महिन्याभरात हेच घडत असतं. त्या लसीतली हिबची साखरही प्रथिनाला बांधलेलीच असते.

याच युक्तीवर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आफ्रिकेसाठी मेनॲफ्रिव्हॅक ही मेंदूच्या आवरणाच्या सुजेवरची लस केली. बड्या कंपन्यांना त्यात रस नव्हता, कारण गिऱ्हाईक गरीब होतं. मग जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थेने २००१ साली मोट बांधली. सुरुवातीला साखर ॲमस्टरडॅमहून आली, जोडण्याची रीत अमेरिकेच्या एफडीएच्या प्रयोगशाळेतून, धनुर्वाताचं प्रथिन आणि उत्पादन पुण्याचं. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली, तेव्हा एका डोसची किंमत अर्ध्या डॉलरहूनही कमी होती.